घरी गाणं आणि गिटार रेकॉर्ड करायचंय: २५ हजारांत कोणता माइक?

तिसरी_तार:
एक गळा आणि स्टीलच्या तारांची अकूस्टिक गिटार घरी रेकॉर्ड करायची आहे. गाणी बहुतेक भावगीतांच्या अंगाची, म्हणजे आवाज मोठा लावायचा नाही. कधी दोन्ही वेगवेगळं, कधी गाता गाता वाजवून. खोली १० × ११ फूट, उंचीही १० फूट, फरशी आणि गिलावा, खिडकी रस्त्याकडे. लॅपटॉप विंडोजचा. माइक, इंटरफेस (माइक लॅपटॉपला जोडणारी पेटी), स्टँड, केबल, हेडफोन सगळं मिळून २५ हजार.

यादीत सध्या ऑडिओ-टेक्निका एटी२०२०, शुअर एसएम५७ आणि एसएम५८, रोड एनटी१, एमएक्सएल ९९० आणि ऑनलाइन फार स्वस्तात मिळणारा बीएम-८०० हे आहेत. यातले शुअरचे दोन डायनॅमिक (तारेच्या कॉइलवर चालणारे), बाकी कंडेन्सर (बाहेरून वीज लागणारे, जास्त संवेदनशील). सगळीकडे एकच सल्ला दिसतो, की खोलीला ट्रीटमेंट (घुमणं कमी करणारी सोय) नसेल तर डायनॅमिक घ्या, कंडेन्सर खोलीचा आवाज ओढतो. हे कितपत खरं? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खर्ज:
आधी बीएम-८०० यादीतून काढा. बॉडी मोठ्या डायफ्रॅमच्या (आवाजाने थरथरणाऱ्या पडद्याच्या) माइकसारखी दिसते, पण आत बहुतेक वेळा छोटी इलेक्ट्रेट कॅप्सूल (कायम विद्युतभार असलेला, आवाज टिपणारा भाग) असते. सोबत येणारी केबल एका टोकाला एक्सएलआर (माइकचा तीन पिनांचा कनेक्टर) आणि दुसऱ्या टोकाला ३.५ मिमीची पिन. ती लॅपटॉपच्या जॅकमध्ये घातली की माइकला मिळतात जेमतेम २ ते ५ व्होल्ट. सिग्नल क्षीण येतो, मग माणूस विंडोजमध्ये 'माइक बूस्ट' वाढवतो आणि लॅपटॉपच्या साउंड कार्डाचा सगळा खरखराट वर येतो. त्याला नीट ४८ व्होल्ट (कंडेन्सरला केबलमधून मिळणारी वीज) द्यायचे तर इंटरफेस लागतोच, आणि इंटरफेस घेतल्यावर त्यापुढे हा माइक लावण्यात काही अर्थ नाही.

बाकी यादी चांगली आहे. पण पैशांची वाटणी आधी ठरवा. माइकवर निम्म्याहून जास्त रक्कम टाकू नका. स्टँड हलका घेतला तर बूमवर (आडव्या दांडीवर) माइक चढवल्यावर तो वाकतो किंवा सावकाश खाली उतरत जातो, आणि गिटारच्या एका टेकमध्ये माइक चार सेंटिमीटर सरकला की पुढचा टेक त्याला जुळत नाही. हेडफोन बंद पाठीचेच हवेत. उघड्या पाठीचे हेडफोन कानाला कितीही छान वाटोत, मेट्रोनोमची टिकटिक थेट माइकमध्ये जाते.

घोरपडी_गेट:
रस्त्याकडची खिडकी आणि फरशी असेल तर डोळे झाकून एसएम५८. रिक्षा, कुकरच्या शिट्ट्या, शेजारचा टीव्ही यातलं निम्मं त्यात येतच नाही. कंडेन्सर इतका संवेदनशील असतो की सगळं पकडतो. घरी कंडेन्सर लावणं म्हणजे खोली रेकॉर्ड करणं.

ध्वनिवेध:
घोरपडी_गेट, निष्कर्ष बऱ्याचदा बरोबर निघतो, पण कारण वेगळं आहे. ते नीट कळलं नाही तर पैसे चुकीच्या जागी जातात, म्हणून जरा लांब लिहितो.

संवेदनशीलता म्हणजे ठरावीक आवाजाला माइक किती मिलिव्होल्ट देतो, एवढंच. एटी२०२० ९४ डीबीला (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) १४.१ मिलिव्होल्ट देतो, एसएम५७ देतो १.६. फरक सुमारे १९ डीबीचा. पण तो गळ्यालाही तेवढाच लागू आहे आणि रिक्षालाही. एसएम५७ चा गेन (सिग्नलची वाढ) १९ डीबीने वाढवला की रिक्षा पुन्हा होती तिथेच. दोन्ही माइक कार्डिऑइड (पुढून ऐकणारे, मागून बहिरे) आहेत. एकाच जागी, एकाच अंतरावर ठेवले तर गळा आणि खोली यांचं प्रमाण जवळपास सारखंच येतं.

मग अनुभव वेगळा का येतो? अंतरामुळे. एसएम५८ ला लोक ओठ टेकवून गातात, ५ ते ८ सेंटिमीटरवर. कंडेन्सर २० ते ३० सेंटिमीटरवर ठेवतात. अंतर दुप्पट केलं की थेट आवाज ६ डीबीने पडतो, खोलीचा गोंगाट मात्र तेवढाच राहतो. ८ सेंटिमीटर आणि ३० सेंटिमीटर यांच्यात साडेअकरा डीबीचा फरक पडतो. ज्याला लोक 'डायनॅमिकने खोली कापली' म्हणतात ते हेच साडेअकरा डीबी.

डायनॅमिकचं कॉइल-डायफ्रॅम जड असल्यामुळे १० किलोहर्ट्झच्या वरचं त्याला कमी ऐकू येतं (एसएम५७ ची मर्यादा १५ किलोहर्ट्झ), त्यामुळे फरशीवरून येणारी चकाकी थोडी दबते, हे खरं. पण रिक्षाची घरघर २०० हर्ट्झच्या आसपास असते. तिथे त्याचा काही उपयोग नाही.

गिटारच्या बाबतीत तर हा युक्तिवाद पूर्ण उलटतो. गिटारला ५ सेंटिमीटरवर माइक लावता येत नाही. लावला तर एकाच जागेचा आवाज येतो आणि प्रॉक्सिमिटीमुळे (माइक फार जवळ असल्याने) खालचे सूर फुगतात. २५ ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवावंच लागतं, आणि त्या अंतरावर डायनॅमिक असो की कंडेन्सर, खोली सारखीच येणार.

तिसरी_तार:
हे छान उलगडलंत. मग उपप्रश्न: एसएम५७ ला गेन जास्त लागतो तर 'सूंऽऽ' असा हिस् जास्त येणार ना? हळू गाणं आणि बोटांनी छेडलेली गिटार असेल तर? आणि त्यासाठी ते क्लाउडलिफ्टर (माइकचा सिग्नल आधीच वाढवणारं छोटं उपकरण) वगैरे वेगळं घ्यावं लागतं का?

ध्वनिवेध:
आकडे मांडू. उदाहरणाला फोकसराइट स्कार्लेट २आय२ ची तिसरी पिढी घेतो, कारण तिचे आकडे स्पष्ट दिलेले आहेत: गेन ५६ डीबी, इनपुटचा स्वतःचा गोंगाट −१२८ डीबीयू (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप; ए-वेटेड, म्हणजे कानाच्या संवेदनेनुसार तोललेलं), कमीत कमी गेनवर कमाल इनपुट +९ डीबीयू. म्हणजे गेन पूर्ण उघडला की −४७ डीबीयूला क्लिप होणार (आवाज फाटणार).

एसएम५७ वर ९४ डीबीचा आवाज, म्हणजे ओठांजवळचं गाणं, साधारण −५४ डीबीयू होतो. पूर्ण गेनवर तो −७ डीबीएफएसला (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी) पोचतो. गाण्याला हे पुरून उरतं. आता गिटार हळू छेडली आणि माइकपाशी ७० डीबी पोचले असं धरू. पूर्ण गेनवरही काटा −३१ वर. एटी२०२० वर तोच ७० डीबीचा सूर −१२ च्या आसपास येतो. म्हणजे हळू गिटारला इथे कंडेन्सर सरळ सरळ सोयीचा.

हिस्चं मात्र गणित अनेकांना चकित करतं. −१२८ डीबीयू हा गोंगाट एसएम५७ च्या संवेदनशीलतेवरून ध्वनीत बदलला तर साधारण २० डीबी येतो. माइकच्या कॉइलचा स्वतःचा रोध (सुमारे ३१० ओम) धरला की एखाद-दोन डीबी वर. आणि एटी२०२० चा स्वतःचा गोंगाट किती? २० डीबी. म्हणजे चांगल्या प्रीअँपवर (इंटरफेसमधला सिग्नल वाढवणारा भाग) दोघांचा हिस् जवळजवळ सारखा! स्वस्त मिक्सरचा किंवा जुन्या इंटरफेसचा गोंगाट −११५ च्या आसपास असेल तर मात्र एसएम५७ तेहतिशी गाठतो आणि एटी२०२० ला फारसा फरक पडत नाही.

त्यामुळे क्लाउडलिफ्टर (सुमारे २५ डीबी) किंवा फेटहेड (२७ डीबी) घ्यायचा तो प्रीअँप खरोखर कमकुवत किंवा गोंगाटी असेल तरच. एसएम७बी (शुअरचाच महागडा डायनॅमिक) ची गोष्ट वेगळी, त्याला शुअरच ६० डीबी गेन सांगते. तुमच्या बजेटमध्ये तो नाहीच. ही दोन्ही उपकरणं ४८ व्होल्टवर चालतात आणि ते व्होल्ट पुढे माइककडे जाऊ देत नाहीत, म्हणून कंडेन्सरला ती लावायची नसतात.

घोरपडी_गेट:
हा हिशोब पटला. पण मग एनटी१ किंवा एनटी१-ए चा ४-५ डीबीए (ए-वेटेड डीबी) गोंगाट बघून लोक जीव टाकतात त्याचं काय? १५ डीबीचा फरक थोडका नाही.

ध्वनिवेध:
शांत खोलीत थोडका नाही. पण खिडकी बंद, पंखा बंद ठेवून शहरातली खोली ३० डीबीएपर्यंत उतरली तरी ती चांगली समजायची. माइकचा गोंगाट त्याहून दहाएक डीबी खाली असला की तो खोलीच्या गोंगाटात बुडतो, ऐकूच येत नाही. ५ डीबीएच्या माइकचं चीज व्हायला खोली तशी हवी. तिसरी_तार यांच्या खोलीत २० चा माइक पुरेल. १२ चा हवा असेल तर एटी२०३५ बघा. त्यात ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारा स्विच) आणि १० डीबीचा पॅडही (सिग्नल कमी करणारा स्विच) आहे. गिटार एकटीच असेल तर तो लो-कट बंद ठेवा, कारण सहाव्या तारेचा सूर ८२ हर्ट्झचा आहे आणि तो त्यात दबतो. गळ्याला मात्र बिनधास्त चालू ठेवा.

शिसवी:
एनटी१ च्या पाचव्या पिढीबद्दल. त्यात एक्सएलआर आणि यूएसबी दोन्ही आहे, यूएसबीवर ३२-बिट फ्लोट (पातळी चुकली तरी नंतर सुधारता येणारं रेकॉर्डिंग) मिळतो, त्यामुळे इंटरफेसचा खर्च वाचतो असं दुकानदार सांगतात. एकट्या गळ्यासाठी हे खरं आहे. पण माइकवर हेडफोनची जागा नाही, म्हणजे स्वतःचा आवाज संगणकातून फिरून कानात येणार आणि बफर (संगणक एका वेळी साठवून घेतो तो आवाजाचा तुकडा) मोठा असेल तर तो उशिरा येणार. शिवाय उद्या दुसरा माइक हवा झाला की अडचण. विंडोजवर दोन यूएसबी माइक एकाच वेळी वापरणं म्हणजे दोन घड्याळं. सुरुवातीला जुळलेले ट्रॅक गाणं संपेपर्यंत सरकलेले असतात. गाता गाता वाजवायचं असेल तर दोन इनपुटचा इंटरफेस, हाच रस्ता.

बेहरिंगर यूएमसी२२ स्वस्त आहे, पण त्यात माइकचं इनपुट एकच, दुसरं वाद्याचं. दोन माइक लावायचे तर निदान यूएमसी२०२एचडी. त्याला कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर (विंडोजवर उशीर कमी ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८ हजार नोंदी, म्हणजे सॅम्पल), १२८ सॅम्पलचा बफर म्हणजे एका बाजूचा उशीर २.७ मिलिसेकंद. जाऊन-येऊन त्याच्या दुपटीहून जास्त होतो. तोही नको असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटर बटण (माइकचा आवाज थेट हेडफोनला देणारं) दाबा आणि सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग बंद करा. दोन्ही चालू राहिली तर स्वतःचाच आवाज डबल आणि पोकळ ऐकू येतो. 'माइक खराब आहे' अशा तक्रारींमागे बऱ्याचदा एवढंच असतं.

खर्ज:
एमएक्सएल ९९० राहिला. त्याच्याबद्दल आणि एकूणच त्या वर्गातल्या स्वस्त मोठ्या कंडेन्सरांबद्दल एक गोष्ट माहीत असावी. यातले पुष्कळ माइक नॉयमन यू८७ (प्रसिद्ध, महाग स्टुडिओ माइक) च्या कॅप्सूलच्या धर्तीची कॅप्सूल वापरतात. त्या कॅप्सूलचा स्वभावच असा की वरचे सूर चढत जातात. नॉयमनच्या सर्किटमध्ये तो चढ उतरवण्याची सोय आहे. स्वस्त माइकमध्ये कॅप्सूलची नक्कल केली जाते, पण सर्किट साधं, चढ न उतरवणारं असतं. परिणाम: 'स', 'श', 'च' कानात टोचतात आणि गिटारच्या तारांवर बोट सरकल्याचा आवाज सुरापेक्षा पुढे येतो. दुकानात दोन मिनिटं ऐकताना हीच चकाकी 'स्पष्टपणा' वाटते. तीन-चार ट्रॅक एकावर एक चढले की कळतं.

एटी२०२० ची कॅप्सूल १६ मिमीची, म्हणजे मोठ्या डायफ्रॅमच्या मानाने लहानच. तो बऱ्यापैकी सरळ आहे, म्हणजे कुठलेही सूर फार वाढवत-घटवत नाही. गळ्याला भरदार करत नाही, पण गिटारला न्याय देतो. तुमच्या दुहेरी कामासाठी माझं मत त्याला.

तिसरी_तार:
म्हणजे एटी२०२० + यूएमसी२०२एचडी, आणि पुढे एसएम५७ किंवा एसएम५८. आता माइक लावायचा कसा ते सांगाल का? गळ्याचं आणि गिटारचं दोन्ही.

खर्ज:
गळ्याचं सांगतो.

तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटर. मध्ये पॉप फिल्टर, माइकपासून ८ ते १० सेंटिमीटरवर. माइकला चिकटवून लावलेला फिल्टर काम करत नाही, कारण हवेचा झोत विरायला जागाच उरत नाही. मराठीला हा प्रश्न जास्त जाणवतो. प, ब आहेतच, वर फ, भ, ध, ठ, घ हे महाप्राण ओळीओळीला येतात. म्हणून माइक ओठांच्या सरळ रेषेत न ठेवता नाकाच्या उंचीवर आणून किंचित खाली झुकवा, किंवा १५-२० अंश बाजूला वळवा. झोत सरळ पुढे जातो, आवाज सगळीकडे पसरतो. 'स' टोचत असेल तरी हाच उपाय, कारण कडेने आलेले वरचे सूर माइकला कमी पोचतात. तपासायला 'फणस', 'भाकरी', 'धबधबा', 'ठसका', 'सोसवेना' हे शब्द गाण्याच्याच जोराने म्हणून ऐका. 'धबधबा'वर काटा उडी मारत असेल तर अजून वळवा.

गेन असा लावा की गाण्यातली सर्वांत जोराची ओळ −१२ ते −१० वर यावी. २४-बिट रेकॉर्डिंगला यापेक्षा वर नेण्याची गरज नाही. रियाजात लोक हळू गातात आणि टेकमध्ये तार सप्तकात सोडतात, म्हणून गेन सर्वांत वरच्या सुरावरच लावायचा.

गाण्याचा कागद धातूच्या स्टँडवर माइकजवळ ठेवू नका. स्टँडवर आपटून येणारा आवाज ३४ सेंटिमीटर जास्त वाट चालून आला तर तो १ मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि ५०० हर्ट्झला खड्डा पडतो, मग १५००, २५०० असे खड्डे पडत जातात. गळा नाकात गेल्यासारखा वाटतो आणि इक्वलायझरने काही केल्या सुधारत नाही. स्टँडवर जाड टॉवेल घाला, नाहीतर तो तिरका करून आवाज वर छताकडे जाईल असं बघा.

शिसवी:
गिटार. सुरुवातीची जागा: बाराव्या पट्टीसमोर (फ्रेटसमोर) २५ ते ३० सेंटिमीटर, माइकचं तोंड मान आणि पोट जिथे जुळतात तिकडे थोडं वळवलेलं. भोकासमोर कधीही नाही. गिटारच्या पोटातली हवा १०० हर्ट्झच्या आसपास स्वतःच घुमते, आणि भोक हे त्या घुमण्याचं दार आहे. तिथे माइक लावला की जी, जीशार्प, ए हे खालचे सूर 'धूम' होतात आणि बाकी तारा मागे पडतात.

आवाज पातळ वाटला तर माइक भोकाच्या दिशेने दोन-दोन सेंटिमीटर सरकवा, ढोबळ वाटला तर मानेकडे. हे ऐकूनच करायचं. हेडफोन घालून एका हाताने माइक फिरवत असताना दुसऱ्या कोणी वाजवलं तर पाच मिनिटांत जागा सापडते. एकटेच असाल तर प्रत्येक जागी वीस सेकंद रेकॉर्ड करा, जागेचं नाव बोलून ठेवा, मग सगळे तुकडे एका पातळीवर आणून ऐका. पातळी सारखी केली नाही तर जो मोठा वाजतो तोच चांगला वाटतो.

खुर्ची हात नसलेली, न करकरणारी. शर्टाची बटणं आणि घड्याळ तपासा. तारा टेकच्या एक दिवस आधी बदला, त्याच दिवशी बदलल्या तर सूर उतरत राहतो.

छोट्या डायफ्रॅमचा माइक गिटारला जास्त शोभतो. बेहरिंगर सी-२ ची जोडी किंवा रोड एम५ पुढे कधी जमलं तर बघा. आत्ता गरज नाही.

ध्वनिवेध:
खोलीबद्दल एक. १० फूट म्हणजे ३.०५ मीटर. या लांबीची उभी लहर (दोन भिंतींमध्ये अडकून घुमणारा सूर) ५६ हर्ट्झला आणि दुसरी ११२ ला. तुमची उंचीही १० फूट, म्हणजे तोच आकडा दोनदा, एकावर एक. गिटारची पाचवी तार ए, ११० हर्ट्झ. खोलीच्या बरोबर मध्यावर बसलात तर ११२ ची लहर तिथे सर्वांत जोरात असते आणि ए वाजवला की खोली वाजते. भिंतीपासून पाऊण मीटरवर ती सर्वांत क्षीण. म्हणून मध्य सोडा आणि त्या रेषेच्या आसपास बसून ऐका.

गोधड्या टांगायच्या तर गाणाऱ्याच्या मागे टांगा. कार्डिऑइड माइक मागून बहिरा असतो. त्याच्या समोर असतो तो गाणारा, आणि गाणाऱ्याच्या पाठीमागची भिंत. तिथून येणारा आवाज थेट माइकच्या तोंडात शिरतो. माइकच्या मागे लावायची ती अर्धगोल फोमची ढाल हे काम करत नाही. दोन जाड गोधड्या भिंतीपासून १० सेंटिमीटर पुढे दोरीवर, फरशीवर सतरंजी किंवा गादी. अंड्यांचे ट्रे आणि इंचभर जाडीचा फोम फक्त वरचे सूर खातात. खोली मग मंद आणि ढोबळ, दोन्ही एकदमच वाटते. पैसे घालायचेच झाले तर ५० मिमीचे, घनमीटरला ४८ किलो घनतेचे रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) स्लॅब कापडात गुंडाळून. कापताना मास्क आणि हातमोजे घालायचेच.

तिसरी_तार:
आणि गाता गाता वाजवताना? दोन माइक एकमेकांत मिसळणार ना?

शिसवी:
मिसळणारच. ते थोपवायचं नाही, आटोक्यात ठेवायचं. गळ्याच्या माइकला जवळ आणा (इथे एसएम५८ खरोखर कामाचा, ५ ते ७ सेंटिमीटर) आणि वरच्या दिशेने झुकवा, म्हणजे त्याची बहिरी पाठ गिटारकडे येईल. गिटारचा माइक खाली झुकवा, त्याची पाठ तोंडाकडे. गिटारपासूनच्या अंतराच्या निदान तिप्पट अंतर तो माइक आणि तोंड यांच्यात असावं, हा जुना ठोकताळा. बसून गाताना तो पूर्ण पाळणं अवघड जातं, म्हणून झुकवण्यावरच भर.

दोन्ही ट्रॅक एकत्र ऐकताना एकाची फेज (लहरीची सुलटी-उलटी दिशा) उलटून बघा. ज्या बाजूला गळा भरदार लागतो ती ठेवा. आणि पक्कं लक्षात असू द्या: गळा चुकला म्हणून फक्त गळा पुन्हा गाता येणार नाही, कारण जुना गळा गिटारच्या ट्रॅकमध्ये आहे. टेक पूर्ण घ्यायचा.

आठच्या आकड्याच्या पॅटर्नचा माइक असेल तर काम सोपं होतं, त्याची बहिरी बाजू ९० अंशांवर असते आणि ती फार खोल असते. बेहरिंगर बी-२ प्रो आणि ऑडिओ-टेक्निका एटी२०५० यांत तो पॅटर्न आहे. पण आठचा पॅटर्न मागूनही ऐकतो, म्हणून मागे गोधडी हवीच.

गिटारला पिकअप (गिटारलाच बसवलेला, आवाज टिपणारा भाग) असेल तर तोही दुसऱ्या इनपुटला घेऊन ठेवा, इन्स्ट्रुमेंटचं बटण दाबून. पिएझो प्रकारच्या पिकअपचा आवाज एकटा कोरडा, प्लॅस्टिकसारखा असतो, पण त्यात गळा जवळपास नसतो. माइकबरोबर मिसळताना पिकअपचा ट्रॅक तेवढा उशिरा सुरू होईल असा सरकवा: माइक ३० सेंटिमीटरवर असेल तर आवाज ०.८७ मिलिसेकंद उशिरा पोचतो, ४८ किलोहर्ट्झला ४२ सॅम्पल.

मुरूड:
कोकणातून एक भर. कंडेन्सर घेताय तर पावसाळ्याचा विचार करा. कॅप्सूलवर दमट हवा आणि धूळ बसली की मधूनच 'चर्र', 'फट्ट' असे आवाज येतात, लोकांना वाटतं केबल गेली. माइक वापरून झाला की स्टँडवर राहू देऊ नका. झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. रंग बदलणारे दाणे घ्या, रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर सुकवून पुन्हा वापरता येतात. आवाज यायलाच लागले तर कोरड्या डब्यात दोन-तीन दिवस ठेवून मग तपासा, बहुतेक वेळा माइक ठीक होतो. हेअर ड्रायर मारायचा नाही, आणि जाळी उघडून डायफ्रॅमला कापूस तर अजिबात लावायचा नाही. डायनॅमिकला ही भानगड नाही.

घोरपडी_गेट:
पंख्याचं कोणी लिहिलं नाही. पंखा बंद. हवा डायफ्रॅमवर येते हे एक, आणि पाती छताकडून परतणारा आवाज कापत राहतात, त्यामुळे लांब सुरात थरथर येते. ती नॉइज रिडक्शनने जात नाही. रेग्युलेटरही बंद स्थितीत ठेवा. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर मधल्या वेगावर असला की तारांतून आणि गिटारच्या पिकअपमधून १०० हर्ट्झची 'घर्रर' येते.

गुणगुण आली तर क्रमाने: आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर बघा. गेली तर दोष अर्थिंगचा. लॅपटॉप आणि इंटरफेसला जोडलेली सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या आणि त्या बोर्डाला खरंच अर्थ आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासा. तिसरी पिन कापायची नाही. वीज गेल्यावर स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर रेकॉर्डिंग करू नका. केबल एक्सएलआर ते एक्सएलआर, ३ मीटर पुरे. स्वतः बनवायची तर मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत कनेक्टर मिळतात. पिन १ शील्ड (बाहेरची जाळी), २ हॉट (सुलटा सिग्नल), ३ कोल्ड (उलटा सिग्नल). १ ची जाळी २ ला चुकूनही शिवू देऊ नका.

तिसरी_तार:
सर्वांचे आभार. आत्ता एटी२०२०, यूएमसी२०२एचडी, चांगला बूम स्टँड, ३ मीटर केबल, पॉप फिल्टर, बंद हेडफोन. एसएम५८ नंतर. दोन शंका: एका इनपुटला कंडेन्सर आणि दुसऱ्याला एसएम५८ असताना ४८ व्होल्ट दोन्हीकडे जातात, चालतं का? आणि नकली एसएम५८ पुष्कळ मिळतात म्हणे?

खर्ज:
चालतं. ४८ व्होल्ट पिन २ आणि ३ वर सारखेच येतात, डायनॅमिकच्या कॉइलला फरक जाणवत नाही, फक्त केबल धड हवी. रिबन माइक (धातूच्या पातळ पट्टीवर चालणारा) मात्र तिथे लावायचा नाही. सवय अशी ठेवा: गेन शून्यावर, केबल जोडा, मग ४८ व्होल्ट, थोडं थांबा, मग गेन. काढताना उलट क्रम, आणि व्होल्ट उतरायला अर्धा मिनिट द्या.

नकलीचा धोका खरा आहे. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घ्या. अस्सल एसएम५८ चं वजन २९८ ग्रॅम, स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. ५७ चं २८४.

एटी२०२० घरी आला की परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करून घ्या: पंखा-फ्रिज बंद करून, कामाचा गेन लावून एक मिनिट शांतता रेकॉर्ड करा आणि हेडफोनवर मोठ्याने ऐका. एकसारखा 'सूं' चालेल, 'चर्र', 'टक्' नको. मग केबल दोन्ही टोकांना हलवून बघा. मग माइकच्या मागे उभं राहून त्याच जोराने बोला. आवाज स्पष्टपणे खाली गेला पाहिजे. पुढून-मागून सारखाच येत असेल तर आधी खोली बदलून बघा, तरीही तसाच राहिला तर माइक परत करा.